कार्ड माहेरी, लेकरू सासरी : पहिलटकरणीच्या बाळाची लस चुकते कुठं?



या पानावर माझ्याकडून आपण डाळिंबावरचा तेल्या, उसातली हुमणी, बियाण्याची उगवणक्षमता असंच काहीबाही वाचत आला आहात. आज विषय लेकरांच्या लसीचा आहे. 'शेतीखात्याच्या माणसाचं यात काय काम?' असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. पण ज्या अंगणवाडीच्या ओसरीवर आम्ही बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक घेतो, तिथंच महिन्यातून एकदा नर्सबाई लशींचा डबा घेऊन येतात. ओसरीवरच्या नव्या आया काय बोलतात तेही कानावर पडतं, आणि बांधावर त्यांचे नवरे-सासरे काय बोलतात तेही. ही दोन बोलणी एकमेकांना कुठंच भेटत नाहीत, म्हणून हा लेख.

दुसरं कारण घरचं आहे. आमची पहिली मुलगी रिवाजाप्रमाणे पत्नीच्या माहेरी झाली. दीड आणि अडीच महिन्याची लस तिकडंच झाली. चौथ्या महिन्यात मायलेकी आमच्याकडं आल्या. कार्ड मात्र बारशाच्या कपड्यांबरोबर तिकडच्या ट्रंकेत राहिलं. मी एकदा विचारलं, "टोचून झालं ना सगळं?" उत्तर मिळालं, "झालं की, दोनदा नेलं होतं." मी निर्धास्त. पुढं आशाताई घरोघरच्या पाहणीला आल्या आणि त्यांनी कार्ड मागितलं, तेव्हा कळलं की तिसऱ्या खेपेला तीन महिने उशीर झालाय. देवाच्या दयेनं काही बिघडलं नाही. पण लोकांच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या तारखा वहीत लिहून ठेवणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोरीचं कार्ड एकदाही उघडून पाहिलेलं नव्हतं. तेव्हापासून गावात कुणाकडं लहान मूल दिसलं की मी कार्ड कुठं आहे ते विचारतो. 'तिच्या आईकडं राहिलंय' हे उत्तर फार वेळा मिळतं.

तारखा कशा पडतात ते बघा

बाळ जन्मलं की दवाखान्यातच बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि चोवीस तासांच्या आत कावीळ-ब ची लस मिळते. ही खेप सहसा चुकत नाही, कारण बाळंतपण दवाखान्यात होतं आणि बाळ तिथंच असतं.

यानंतर दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने अशा तीन खेपा. यात पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब या पाच रोगांवरची एकच लस. जोडीला पोलिओचे थेंब आणि जुलाबावरची रोटा लस. दीड आणि साडेतीन महिन्याला पोलिओची सुई आणि न्यूमोनियावरची पीसीव्ही. मग नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची पहिली लस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओची तिसरी सुई आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची दुसरी लस आणि त्रिगुणी व पोलिओचा बूस्टर. पुढं पाच ते सहा वर्षांत त्रिगुणीचा आणखी एक बूस्टर. हे सगळं सरकारी केंद्रात फुकट आहे.

आता याच तारखा आपल्या रिवाजाशेजारी मांडून बघा. पाचवी पुजली जाते, बाराव्या दिवशी बारसं होतं. सव्वा महिना झाला की बाळंतीण बाहेर पडते आणि आठवडाभरातच दीड महिन्याची लस येते. तोवर ती आईच्या घरी असते, आई हाताला धरून नेते. पहिलटकरीण तीन-चार महिन्यांनी पाळणा घेऊन सासरी येते. नेमकी साडेतीन महिन्याची तिसरी खेप या ये-जा करण्यात सापडते. माहेरची आशा समजते, पोरगी सासरी गेली, तिकडं देतील. सासरच्या आशेच्या वहीत बाळाचं नावच नसतं, कारण जन्माची नोंद तिकडची. दोघींचंही काम चोख, आणि बाळ मात्र दोन्ही याद्यांच्या बाहेर.

तिसऱ्या खेपेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मोठी लस नाही. मध्ये साडेपाच महिने जातात. उष्टावण होतं, मूल रांगू लागतं. आई खुरपणीला, काढणीला जाऊ लागते. सवय मोडते. म्हणून पुढं मोठा धोका असतो तो नऊ महिन्यांच्या गोवराच्या लशीला, आणि त्याहून जास्त सोळा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या डोसाला. दुसऱ्या बाळाच्या वेळी आईला हे सगळं अनुभवानं ठाऊक झालेलं असतं. पहिल्या बाळाच्या वेळी तिला सांगणारं कुणीतरी लागतं, आणि नेमक्या त्याच वर्षात तिची दोन घरं असतात.

तिला काय माहीत असतं, काय नसतं

'अडाणीपणामुळं लस देत नाहीत' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माझा अनुभव तसा नाही. आजची पहिलटकरीण बहुतेक दहावी-बारावी झालेली असते. लस चांगली असते हे तिला ठाऊक असतं. पोलिओचे थेंब ठाऊक असतात, दंडावर बीसीजीची खूण उठते तेही ठाऊक असतं. अडतं ते पुढच्या गोष्टींवर.

एक, तीन खेपा कशाला? 'एकदा टोचलं, आता तेच तेच कशाला?' असं वाटतं. पहिल्या डोसानं शरीराला रोगाची नुसती ओळख होते. दुसऱ्या-तिसऱ्यानं ताकद तयार होते आणि बूस्टरनं ती टिकते. दोन डोसांवर थांबणं म्हणजे पीक निसवताना पाणी तोडण्यासारखं आहे.

दोन, पोलिओ रविवारी थेंब पाजले म्हणजे लसीकरण झालं, हा समज. ते थेंब फक्त पोलिओचे आणि नेहमीच्या डोसांशिवाय वेगळे. त्यानं गोवर थांबत नाही की डांग्या खोकला.

तीन, 'सर्दी आहे, आज नको.' साध्या सर्दी-खोकल्यानं, थोड्या जुलाबानं लस पुढं ढकलायची नसते. मूल खरंच आजारी असेल तर ते नर्सबाईंनी ठरवावं, शेजारणीनं नव्हे.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. 'तारीख चुकली, आता काय उपयोग!' किंवा 'नर्सबाई रागावतील.' या एका भीतीनं कितीतरी आया पुन्हा केंद्राकडं फिरकत नाहीत. खरी गोष्ट अशी की, राहिलेला डोस पुढच्या सत्राला घेता येतो आणि आधीचे डोस वाया जात नाहीत. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत देतात. मात्र पेंटाची सुरुवात वर्षाच्या आतच व्हावी लागते आणि रोटाचंही तसंच, म्हणून उशीर म्हणजे सवलत नव्हे.

तापाची धास्ती

पेंटाची सुई दिली की कित्येक बाळांना त्या रात्री ताप येतो. मांडी सुजते, बाळ किरकिरतं. पहिलटकरणीनं असं कधी पाहिलेलं नसतं. रात्री बाळ रडतं, सासू म्हणते, "चांगलं खेळतं लेकरू, कशाला नेलंस?" दुसऱ्या खेपेला तिची हिंमतच होत नाही. 'आज रात्री ताप येईल, घाबरू नकोस' हे एक वाक्य आधी कानावर पडलं असतं तर ती रात्र निभावली असती.

तेव्हा हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबायचं. घरी आल्यावर अंगावर पाजत राहायचं. सुईच्या जागी हळद, तेल, चुना काही लावायचं नाही, चोळायचंही नाही. तापाचं औषध नर्सबाई सांगतील तेवढंच द्यायचं. बीसीजीच्या जागी महिना-दीड महिन्यानं पुळी येऊन फुटते आणि वाळते, ती लस लागल्याची खूण आहे, तिला मलम नको. ताप दोन दिवसांत उतरला नाही, बाळाला झटका आला, किंवा ते दूध ओढेनासं झालं, तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठायचा.

गोवर काही 'निघू द्यायचा' आजार नाही

आपल्याकडं गोवराबद्दल एक जुनी समजूत आहे. अंगावर निघू द्यावा, औषध देऊ नये, लिंबाचा पाला ठेवावा. घरची म्हातारी माणसं हे प्रेमानंच सांगतात. पण पुरळ दिसतं तेवढंच गोवराचं नुकसान नसतं. त्यापाठोपाठ न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळ्यांना इजा होते, आणि कुपोषित मूल त्यात हातचं जातं.

२०२२ च्या शेवटी आपल्याच राज्यात हे घडलं. मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ उठली आणि मालेगाव, भिवंडी इथंही पसरली. मुलं दगावली. आजारी पडलेल्या बऱ्याच मुलांनी लस घेतलेली नव्हती किंवा अर्धवट घेतली होती. त्याआधी दोन वर्षं करोनात गेली होती, नेहमीच्या लसीकरणाची घडी विसकटली होती. २०१८ च्या नोव्हेंबरात नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या मुलांना शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली होती, ती मोहीम आपल्याला आठवत असेल. पण त्यानंतर जन्मलेली मुलं त्या मोहिमेत कशी असतील? प्रत्येक वर्षी जन्मणाऱ्या बाळांची खेप नवी असते आणि प्रत्येक वर्षी पहिलटकरणीही नव्या असतात. एकदा मोहीम झाली म्हणून काम संपत नाही.

गोवर असा पसरतो की लस न घेतलेल्या वस्तीत एक रोगी बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो. म्हणून गावातली शंभरातली पंच्याण्णव मुलं दोन्ही डोस घेतलेली असावीत असं आरोग्यशास्त्र सांगतं. तेव्हाच ज्याला लस देण्याचं वय झालेलं नाही असं पाळण्यातलं बाळही वाचतं. लम्पीच्या वेळी आपण हेच म्हणत होतो. एकट्याच्या गोठ्यात लस देऊन भागत नाही, शेजारचाही गोठा झाला पाहिजे.

आकडे काय सांगतात

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या एक ते दोन वर्षं वयाच्या मुलांपैकी ७६ टक्के मुलांचं मूलभूत लसीकरण पूर्ण असल्याचं आढळलं. आधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ६२ होता. महाराष्ट्र ५६ वरून सुमारे ७३ वर आला. सुधारणा मोठी आहे. पण पुढारलेलं म्हणवणारं आपलं राज्य देशाच्या सरासरीच्या मागं राहिलं, हेही खरं. दर चार मुलांमागं एक मूल अर्ध्यावर राहतं.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक नोंद त्याच पाहणीत आहे, आणि ती सांगायला जड जातं. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे चाळीस टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याची सरासरी बावीसच्या आसपास. म्हणजे सोलापूर जिल्ह्यात पहिलटकरीण म्हणजे पुष्कळदा स्वतःच अजून पोरसवदा असलेली मुलगी. तिनं कार्ड वाचलं तरी 'उद्या लस आहे, मला केंद्रावर सोडा' हे सासऱ्याला कोण सांगणार? मोटारसायकल नवऱ्याकडं, सुट्टी मुकादमाकडं, परवानगी सासूकडं. तिला माहिती देऊन काम अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आपण पुरुषमंडळींनी करायचं आहे.

शिवेपलीकडचं माहेर आणि फडातली कोपी

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या भागात सोयरीक पलीकडं विजयपूर, कलबुर्गीकडं असते. तिथं बाळंत झालेली सून कन्नडमधलं 'तायी कार्ड' घेऊन येते. कार्डावरची लिपी आपल्याला येत नाही म्हणून बाळाला परत पाठवायचं कारण नाही. लशी राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आहेत, तारखाही त्याच, आकडे वाचता येतातच. आणि कार्ड हरवलं असेल तरीही लस मिळते. कार्ड नाही म्हणून कुणी घरी बसू नये.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. हंगामात आपल्या फडात टोळ्या उतरतात, आपल्याही काही तालुक्यांतून माणसं तोडीला बाहेर जातात. कोपीत तान्ही बाळं असतात. त्यांची साडेतीन किंवा नऊ महिन्याची तारीख दिवाळी ते पाडवा यातच येते, आणि पहाटे फडात गेलेली आई सत्राची वेळ गाठू शकत नाही. ज्या बागायतदाराच्या रानात टोळी आहे, त्यानं मुकादमाकडून बाळांची संख्या घेऊन आशाताईंना एवढंच कळवावं की, 'अमुक वस्तीवर इतकी लेकरं आहेत.' ऊस आपला आहे, तो तोडणाऱ्यांची लेकरं चार महिने आपल्याच गावची आहेत.

सत्राला वेळेत का जायचं

पुष्कळांची तक्रार असते, "गेलो होतो, नर्सबाईंनी परत पाठवलं." यामागचं कारण समजून घ्या. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या लशीची पूड द्रावणात मिसळावी लागते, आणि एकदा मिसळली की चार तासांत वापरावी लागते, उरली तर टाकून द्यावी लागते. सगळ्या लशी दोन ते आठ अंश थंडाव्यात आणलेल्या असतात. दुपारी कामं उरकून गेलं तर कुपी संपलेली किंवा मुदत गेलेली असते. दूध संकलनाला आपण वेळेवर जातो, तसं सत्रालाही सकाळीच जावं.

आता करायचं काय?

घरच्यांनी चार गोष्टी कराव्यात. सून किंवा लेक कुठंही जाताना माता बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत असलं पाहिजे, ट्रंकेत नव्हे. कार्डाच्या सगळ्या पानांचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये ठेवावा. अलीकडं 'यू-विन' ही संगणकीय नोंद होते. त्यात जो नंबर दिला त्यावरच निरोप येतो, तेव्हा मामाचा नव्हे तर आई किंवा वडिलांचा नंबर द्यावा. आणि प्रत्येक खेपेला नर्सबाईंना तीन प्रश्न विचारावेत : आज कोणत्या रोगांची लस दिली, घरी गेल्यावर काय होऊ शकतं, पुढची तारीख कोणती? हे प्रश्न बापानं विचारले तर फारच चांगलं.

गावच्या कारभाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सरपंच, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो ते ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि ग्राम आरोग्य, पोषण समितीचे सदस्य यांनी अंगणवाडीत एक साधी वही ठेवावी. तिची दोन पानं. एका पानावर बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी, दुसऱ्यावर बाळ घेऊन सासरी परतलेल्या सुना. लेक परत निघाली की त्याच दिवशी आशाताईंनी सासरच्या गावच्या आशेला किंवा तिथल्या उपकेंद्राला एक फोन करावा. याला ना ठराव लागतो, ना निधी. सत्राच्या आदल्या संध्याकाळी मंदिराच्या भोंग्यावरून आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पुकारा व्हावा. त्या दिवशी नवी आई रोजगारावर असेल तर तिला अर्धा दिवस मोकळीक द्यावी.

आपल्या पन्नाशी-साठीपुढच्या आयाबायांच्या दंडावर देवीच्या लशीचे व्रण अजून दिसतात. देवीचा रोग १९७५ नंतर देशात दिसला नाही. पोलिओचा शेवटचा रोगी देशात जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. ही कामं डॉक्टर, नर्सबाई आणि गाव एका जागी आले तेव्हाच झाली. सासूबाईंनी आपल्या दंडावरचा तो व्रण सुनेला दाखवून 'चल, मी येते बरोबर' एवढं म्हटलं, तर त्याहून मोठा प्रचार नाही.

आज आपल्या म्हशीच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे. लाळ्या-खुरकताची लस तिला कधी दिली ते त्यावरून सांगता येतं. हे चांगलंच आहे, आम्हीच त्यासाठी आग्रह धरला. आता हा पेपर बाजूला ठेवण्याआधी घरात एक प्रश्न विचारा : आपल्या लेकराचं कार्ड कुठं आहे, आणि पुढची तारीख कोणती? उत्तर लगेच मिळालं नाही, तर उद्या सकाळचं पहिलं काम तेच.